पाठ लागली म्हणजे किती लागली?

ओळख झाली त्याच दिवशी मी सिद्रामप्पा कंडक्टरला मारायला उठलो होतो. खोटं कशाला बोलू, पान्हा हातात होता आणि तो मी डोक्याच्या वर नेला होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. मी सोलापूरला लाल गाडीवर ड्रायव्हर. सकाळपासून रेडिएटर गळत होता, मनगट भाजलेलं होतं, ऊन तर सोलापूरचंच. अशात एक उंच, वाळकी काठी खाकी कपडे घालून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्याला पैशाची कातडी पिशवी, आणि चेहरा असा की घरात कालच कुणीतरी गेलंय. मला वाटलं बिचाऱ्याची काहीतरी अडचण असेल. तर हा म्हणतो,

"उस्मानभाई, एक इचारू का? किल्ल्याला सा-सा महिने वेढा पडायचा म्हणतात. मग बाहेरच्या फौजेची हजामत कोण करायचं? न्हावी आतला का बाहेरचा?"

मी पान्हा उचलला. तो तसूभर मागं सरला नाही.

"न्हाय, आतला असंल तर त्यानं गळंच का न्हाय कापलं, म्हणून इचारलं."

पान्हा वरच राहिला, कारण मी खरंच विचार करायला लागलो होतो, च्यायला. एवढी फौज, एवढ्या दाढ्या, खरंच कोण करत असेल? तोपर्यंत राग गेला, हात दुखायला लागला आणि आमची पहिली फेरी लागली. पुढं कितीतरी वर्षं आम्ही एकाच गाडीवर होतो.

सिद्रामप्पाचे सवाल म्हणजे डोक्याला ताप होता. तो कधी कुणाची टिंगल म्हणून विचारायचा नाही, विचारून हसायचा तर अजिबात नाही. तोंड आपलं गंभीर. आणि त्यामुळंच समोरच्याची जास्त सटकायची. एखादा हसत हसत वेडपट बोलला तर माणूस सोडून देतो. हा मात्र तहसीलदारानं जबानी घ्यावी तसा उभा राहायचा. चहा पिता पिता रेडिओवर क्रिकेट लागलेलं असायचं. सगळे कान लावून बसलेले. हा विचारायचा, "पाच दिवस खेळून बरोबरीत सुटलं म्हणतात. मग ही लोकं घरी जाऊन बायकूला काय सांगत असतील?" तिळगूळ वाटायला गेला की त्या घरातल्या शिकलेल्या माणसाला गाठायचा. "पानिपतावर संक्रांतीच्या दिवशीच लढाई झाली म्हणतात. मग त्या दिवशी गोड बोला कोण कुणाला म्हणालं?" एका प्रोफेसरांनी तिळगुळाची वाटी आपटली होती याच्यासमोर. एकदा एका बाईच्या पाटीतल्या कोंबडीनं मुळेगावजवळ धावत्या गाडीत अंडं घातलं. सिद्रामप्पानं भर गर्दीत गाडी थांबवायला लावली आणि माझ्या खिडकीशी येऊन विचारलं, "उस्मानभाई, हे अंडं मुळेगावापासनं धरायचं का सोलापूरपासनं?" मी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. तो म्हणाला, "व्हय, ते बरोबर हाय. पण कुठनं धरायचं?"

माझी बायको तर त्याच्या नावानं कपाळ बडवायची. "अजी, तुमारा वो कंडक्टर पागल हय क्या? मेरेकू पुछ्या, शीरखुर्मा खाताना शेवया मोजत्या क्या." पण तो आला की हीच त्याला बिनदुधाचा चहा करून द्यायची, कारण त्याला तसा लागायचा.

आता या सवालांपायी त्यानं जो मार खाल्लाय, तो ऐका.

बार्शीच्या बाजाराचा दिवस. गाडी लागली की माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी एकाच सीटवर दोन रुमाल पडले. दोघंही अडतीतले हमाल, क्विंटलचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारे. आधी शिव्या, मग गचांडी, मग एकानं दुसऱ्याचं डोकं खिडकीच्या गजावर असं आपटलं की गज वाकला. दुसऱ्यानं त्याच्या कानाला दात घातले. बायका किंचाळताहेत, रक्त सीटवर सांडतंय, कुणीतरी चाकू काढलाय. मी टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन खाली उतरेपर्यंत सिद्रामप्पा दोघांच्या मध्ये जाऊन उभा.

"रुमालानं जागा धरली ना? मग बसणार रुमाल का तुमी? तिकीट कुणाचं फाडू?"

चाकूवाला थांबला. एक क्षण त्यानं रुमालाकडं बघितलं, खरंच बघितलं. मग त्याला कळलं की आपली चेष्टा होतीये, आणि त्यानं चाकू टाकून सिद्रामप्पाच्या जबड्यावर गुद्दा हाणला. खालचा दात पडला. सिद्रामप्पानं वाकून तो उचलला, शर्टाला पुसला, आणि रक्ताच्या गुळण्या टाकत मला विचारलं, "उस्मानभाई, ह्यो आता सामानात धरायचा का?" मला हसू आलं नाही. मला त्याचा इतका राग आला की त्याचा दुसरा दात मीच पाडला असता. पण चाकू खाली पडला होता हेही खरं, आणि तो मी पायाखाली धरून ठेवला होता.

सोलापुरात सात रस्ता चौकात एकदा बंदच्या दिवशी आमच्या गाडीवर दगडफेक झाली. काचा फुटून माझ्या भुवईत घुसल्या. पोरं रॉकेलचे बोळे घेऊन पुढं आली. सगळे उतारू मागच्या दारानं पळाले आणि हा पुढं गेला. "तुमच्यात क्याप्टन कोण? पहिला दगड कुणी मारायचा ते टॉस करून ठरवता का नंबर लावता?" पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बोळा हातातच जळायला लागला तसा एकाचा हात भाजला, त्यानं बोळा फेकला तो गटारीत. गाडी वाचली. मग त्याच पोरांनी सायकलच्या चेनीनं याची पाठ सोलली. पाठीवर चेनीचे वळ उठले होते, कडीन्‌कडी दिसत होती. मी हळद लावत होतो आणि ओरडत होतो, "अरे मुडद्या, गप बसायला काय होतं तुला? जीभ झडत नाही का तुझी?"

त्या दिवशी त्यानं सांगितलं. तेव्हाही तोंड तसंच गंभीर.

"आमचा बाप मिलमधनं यायचा, दारू पिऊन यायचा, आणि आईला हाणायचा. मागावरचा लाकडी धोटा घेऊन हाणायचा वो. मी बारका. मधी पडलो तर मला बी हाणायचा आणि परत आईकडं वळायचा. एकदा माझ्या तोंडातनं असंच निघालं, 'आप्पा, हत्तीला उचकी लागली तर पाणी कोण पाजतंय?' बाप थांबला. धोटा असा वर. म्हणला, 'काय?' मी परत इचारलं. बाप इचार करत खाली बसला आणि बसल्या बसल्या झोपला. तवापासनं मी रोज नवीन हुडकून ठेवायचो. एकच दुसऱ्यांदा चालत नव्हता."

"आणि नाही थांबला तर?"

"मग मला हाणायचा. पण तेवढ्यात आई शेजारी पळायची."

मी हळदीची वाटी ठेवून बाहेर जाऊन बिडी ओढली. लई वाईट वाटलं मला. त्यानंतरही मी त्याला शिव्या दिल्याच, पण गप बस म्हणालो नाही.

आता त्या जत्रेचं सांगतो. गावाचं नाव घेत नाही, अक्कलकोटच्या पलीकडं आहे, अर्धं गाव कानडी बोलतं, अर्धं मराठी. तिथल्या कुस्त्या म्हणजे कुस्त्या. त्या गावात लग्नात बँड नसला तर चालेल, पण वरात आखाड्यावरून न्यायलाच पाहिजे. म्हाताऱ्या बायकासुद्धा डाव सांगतात. त्या दिवशी शेवटची कुस्ती गावच्या भीमण्णाच्या धाकट्या भावाची आणि सोलापूरच्या नागेशची. नागेश आमच्या पेठेतल्या विणकराच्या घरचा, घरात तेलुगू, तालमीत मराठी. विशीचा पोरगा, मान बैलाची आणि बोलणं कोकराचं. पंचानं नागेशचा हात वर केला. भीमण्णाची माणसं म्हणाली, आमच्या पोराची पाठ मातीला लागलीच नाही. एक म्हणता दोन झालं, आणि नागेशच्या वस्तादाचं डोकं काठीनं फुटलं. वस्ताद मातीत पडला तो उठला नाही. मग ती माणसं कुऱ्हाडी-काठ्या घेऊन नागेशच्या मागं लागली.

आम्ही फाट्यावर गाडी लावून उभे होतो. बॅटरी कच्ची, म्हणून मी इंजिन बंदच केलं नव्हतं. जोंधळ्यातून हा पोरगा पळत आला, अंगावर फक्त लंगोट, सगळा तांबड्या मातीनं माखलेला, कपाळातून रक्त. मागच्या दारातून आत शिरला आणि बाकाखाली जाऊन लहान पोरासारखा रडायला लागला. "मला मारत्यात, मला मारत्यात." मागच्या बाकावर तीन-चार बायका होत्या. त्यांनी एक शब्द न बोलता पुढं गाठोडी लावली, वर वाकळ सोडली आणि पाय हलवत बसल्या.

तेवढ्यात ते आठ-दहा जण आलेच. दोघं माझ्या बॉनेटसमोर उभे राहिले, बाकीचे मागच्या दाराकडं. माझ्या केबिनच्या मागं जाळी होती, त्यातून मला आतलं अर्धंमुर्धं दिसायचं. मी टॉमी मांडीवर घेतली.

भीमण्णा कुऱ्हाड घेऊन चढला. सिद्रामप्पा दारातच.

"कुठपर्यंत?"

"बाजूला हो. आमाला आत बघायचं हाय."

"बघा की. कुऱ्हाड मांडीवर घेणार का टपावर टाकू? टपावर टाकली तर सामानात धरावं लागंल."

"ए कंडक्टर, खांडोळी करीन! तो सोलापूरचा पैलवान हितं शिरलाय का न्हाय?"

"कुठला? तुमच्या भावाला पाडला तो?"

हे काय बोलला हा!

"पाडला न्हाय!" भीमण्णा असा ओरडला की गाडीतली लेकरं रडायला लागली. "पाठ लागलीच न्हाय!"

"किती लागली न्हाय?"

"म्हंजे?"

"म्हंजे पाठ लागली म्हणजे किती लागली म्हणायची? सगळी, का अर्धी, का एक खांदा?"

"डावा खांदा लागला फकस्त! उजवा अधांतरी व्हता."

"न्हाय भीमण्णा," मागून एकजण म्हणाला, "उजवा लागला. डावा वर व्हता. मी त्याच अंगाला उभा हुतो की."

सिद्रामप्पानं दोघांकडं पाळीपाळीनं बघितलं. "हे म्हणतात डावा लागला. ते म्हणतात उजवा लागला. मग दोनी लागले की वो."

आणि मग जे झालं ते त्या गावातच होऊ शकतं. दुसरीकडच्या माणसांनी तिथंच त्याचं मुंडकं उडवलं असतं. ही माणसं भांडायला लागली. पण आपसांत! "आरं ढाक डाव लावला तवा त्यो असा वळला." "असा न्हवं, असा!" बॉनेटसमोरचे दोघेही धावत मागं गेले आणि चढले, कारण त्यांनी वेगळंच पाहिलं होतं. भीमण्णानं एकाला गचांडी धरून सांगितलं, "तू माझा भाऊ, मी त्यो. पड खाली!" आणि तो खरंच दोन सीटांच्या मधल्या बोळात उताणा पडला. "खांदा उचल! त्याचा उचलला हुता!" दाखवायला दोन्ही हात लागतात, म्हणून भीमण्णानं कुऱ्हाड सीटवर ठेवली. ती सीट एका म्हातारीची होती. म्हातारीनं शांतपणे कुऱ्हाड उचलली आणि खिडकीतून जोंधळ्यात टाकली. मग दुसरी टाकली.

घंटी वाजली. आमच्या गाडीत दोरीची घंटी. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, आणि तीन म्हणजे गाडी भरलीये, मध्ये कुणीही हात केला तरी थांबायचं नाही. सिद्रामप्पानं तीन दिल्या.

मी गिअर टाकला. गाडीला हिसका बसला तसा बोळातला माणूस पुरता आडवा झाला आणि कुणीतरी ओरडलं, "आत्ता लागली बघा! अशी न्हवती लागली!" मला हसू आणि रडू एकदमच आलं. ओढा ओलांडेपर्यंत त्यांच्या ध्यानातच आलं नाही. सिद्रामप्पा एकामागून एक विचारत होता. पंच कुठल्या बाजूला उभा होता? त्याला चष्मा आहे का? माती ओली होती का कोरडी? कोरडी असेल तर पाठीला चिकटली कशी?

मग भीमण्णानं खिडकीबाहेर बघितलं.

"गाडी कुठं चालली रं?"

"पोलीस ठाण्याला," सिद्रामप्पा म्हणाला. "तुमी कुठलं सांगितलंच न्हाय."

पहिली काठी पडली तो आवाज मला जाळीतून ऐकू आला. नारळ फोडल्यासारखा. मी ब्रेकवर पाय नेला आणि घंटी वाजली, तीनदा. मी पाय काढला. परत काठी, परत कुणाचा तरी गुद्दा, बायकांचा आरडाओरडा, "मारू नका वो, मरंल त्यो!" मी आरशात बघितलं तर त्यानं एका हातानं दोरी धरलेली आणि दुसरा डोक्यावर. रक्त बाहीतून खाली गळत होतं. परत ब्रेककडं पाय गेला, परत तीन घंट्या. दर वेळी. मला कळत होतं की मी थांबलो तर ते पोराला बाकाखालून ओढतील आणि काठ्यांनीच संपवतील. आणि मी चालवत राहिलो तर हा संपतोय. मी जोरजोरात रडत, अल्लाचं नाव घेत आणि भीमण्णाच्या सात पिढ्यांना शिव्या देत गाडी हाणली. तसली गाडी मी आधी कधी चालवली नव्हती. म्हशी सुटल्या, एक बैलगाडी शेतात गेली.

मागं मग बाकीचे उतारू उठले असावेत. म्हातारीनं कुणाच्या तरी डोळ्यात तिखटाची पुडी फोडली. नागेशही बाकाखालून बाहेर आला आणि त्यानं एकाला उचलून आपटला, हाड मोडल्याचं मी ऐकलं. दोघांनी धावत्या गाडीतून उड्या टाकल्या. घंटी मात्र वाजत होती, शेवटी शेवटी तीनच्या ऐवजी नुसतीच, कशीही.

तालुक्याच्या ठाण्याच्या आवारात मी गाडी घातली ती फाटकासकट. हवालदार धावत आले, भीमण्णाला आणि उरलेल्यांना त्यांनी पट्ट्यांनी बडवत खाली ओढलं. मी मागं गेलो. सिद्रामप्पा दाराच्या पायरीशी पडला होता. मुठीतली दोरी मला बोट बोट उलगडून काढावी लागली. डोकं एका बाजूनं आत गेलं होतं. त्याच्याकडं बघवत नव्हतं आणि मी बघत होतो. ठाण्याच्या जीपमध्ये मागं आडवा केला तेव्हा त्याचे लांब पाय बाहेर आले. सिव्हिलला पोचायच्या आत तो गेला. म्हणजे मी त्याला जिवंत बघितलं ते तिथं, त्या आवारात, जीप सुरू व्हायच्या आधी.

नागेश जीपला धरून उभा होता, अंगावर कुणाची तरी वाकळ, आणि "मामा, मामा" करून ओरडत होता. सिद्रामप्पानं डोळे उघडले. तो पोराकडं बघत होता, आणि त्याला काहीतरी जाणून घ्यायचं होतं. इतक्या वर्षांत मी त्याचं तोंड तसं पाहिलं नव्हतं.

"पोरा," म्हणाला, "लागली हुती का रं खरंच?"

नागेशचं तोंड वाकडं झालं.

"न्हाय मामा. एकच खांदा लागला हुता. पंचानं माझा हात वर केला आणि मी काय बोललो न्हाय."

असा संताप आला मला! या एका खांद्यापायी वस्ताद तिकडं मातीत, हा इकडं असा. वाटलं, या पोराला इथंच धरून बुकलून काढावं. मी मूठ आवळलीसुद्धा.

पोलिसांच्या ड्रायव्हरनं जीप चालू केली.

"मग परत धर की कुस्ती त्याच्यासंगं," सिद्रामप्पा म्हणाला. "पण औंदा नको. औंदा ती लोकं रागात हायती."